ज्यांना हाकलले, तेच रानाचे मालक

टीव्हीवर जंगलाचा कार्यक्रम लागला की घरातली पोरे जागची हलत नाहीत. सिंह हरणामागे धावतो, हत्तीचे पिल्लू चिखलात लोळते आणि आई हाका मारून थकते, "अरे, भाकरी निवून चालली!" पण वाचकहो, एक गोष्ट कधी ध्यानात आली आहे का? आफ्रिकेच्या त्या रानात माणूस फारसा दिसतच नाही. दिसलाच तर टोपी घातलेला गोरा पाहुणा, नाहीतर त्याची जीप चालवणारा काळा माणूस. तो काळा माणूस कोण, कुठल्या गावचा, त्या रानाशी त्याचे नाते काय, हे कोणी सांगत नाही. आज या सदरातून आपण त्या रानातल्या छावणीत जाऊन येऊ आणि त्याचीही विचारपूस करू.

आधी 'सफारी' या शब्दाचे सांगतो. आपल्याकडे सफारी म्हटले की साखरपुड्याला शिवलेला सफारी सूट आठवतो. मूळ शब्द पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला, अर्थ प्रवास. तो तिथे आला अरबीतून, आणि आपला 'सफर' हा शब्दही त्याच घरचा. गोऱ्या साहेबांनी आपल्या शिकारीच्या मोहिमांना हे नाव लावले. आता बहुतेक पाहुण्यांच्या हाती बंदुकीऐवजी कॅमेरा असतो, पण शिकाऱ्यांची भाषा काही गेलेली नाही. तिकडे 'बिग फाइव्ह' म्हणून पाच प्राण्यांची यादी सांगतात: सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा. ही यादी कोणी केली? पायी शिकार करताना जे पाच प्राणी सर्वांत घातक ठरत, ते शिकाऱ्यांनी मोजून ठेवले. म्हणून एवढ्या उंचीचा जिराफ त्यात नाही, झेब्रा नाही. पाहुण्याला मात्र पाच बघितले की पैसे वसूल झाल्यासारखे वाटते.

आता जायचे कुठे? दक्षिण आफ्रिका देशाच्या ईशान्य कोपऱ्यात, मोझांबिकच्या सरहद्दीला लागून क्रुगर राष्ट्रीय उद्यान आहे. क्षेत्रफळ १९ हजार चौरस किलोमीटरच्या वर. आपल्या महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर. तो अख्खा जिल्हा या उद्यानात मावेल आणि वर जागा उरेल. या उद्यानाच्या अगदी उत्तर टोकाला पाफुरी नावाचा भाग आहे. लिंपोपो आणि लुवुव्हू या दोन नद्यांच्या बेचक्यातली ही जमीन. दोन्ही नद्या जिथे मिळतात तिथे उभे राहिले की एका हाताला झिंबाब्वे, एका हाताला मोझांबिक. पूर्वी हस्तिदंताचे चोर इथे लपत. एका देशाचे पोलीस आले की नदी ओलांडून दुसऱ्या देशात. त्या जागेला इंग्रजीत 'क्रुक्स कॉर्नर', म्हणजे बदमाशांचा कोपरा, असे नावच पडले.

इथली झाडे बघण्यासारखी आहेत. एक तर बाओबाब, म्हणजे आपली गोरखचिंच. कोकणात आणि जुन्या बंदरांच्या आसपास हे फुगलेल्या बुंध्याचे झाड कोणी ना कोणी पाहिले असेल. ते आपल्याकडे आफ्रिकेतूनच समुद्रमार्गे आले, असे जाणकार मानतात. दुसरे पिवळट हिरव्या सालीचे झाड. गोऱ्यांनी त्याला 'फीव्हर ट्री', म्हणजे तापाचे झाड म्हटले, कारण त्याच्या सावलीत मुक्काम केला की हिवताप येई. दोष झाडाचा नव्हता. हे झाड पाणथळ जागी वाढते आणि डासही तिथेच वाढतात. आजही या भागात जाणाऱ्याला डॉक्टरांना विचारून हिवतापाच्या गोळ्या घ्याव्या लागतात.

नदीकाठच्या मोठ्या झाडांखाली, लाकडी चौथऱ्यावर तंबू ठोकलेले असतात. तंबू म्हटला तरी आत पलंग, मच्छरदाणी, मागे न्हाणीघर. अशा छावण्यांना बहुधा कुंपण नसते. हत्ती तंबूच्या मागून जातो, माकडे चहाची साखर पळवतात. म्हणून अंधार पडल्यावर पाहुण्याने एकट्याने तंबूतून बाहेर पडायचे नाही. जेवायला जाताना आणि परत येताना छावणीचा माणूस बॅटरी घेऊन सोबत चालतो.

दिवस सुरू होतो पहाटे पाचच्या सुमारास. आपल्या पहिल्या पाळीच्या कामगारासारखेच उठायचे. कोणीतरी तंबूबाहेरून हलकेच हाक मारतो. गरम कॉफी आणि कडक टोस्ट. मग उघड्या जीपमध्ये बसायचे. तिकडे ऋतू आपल्या उलट आहेत. जून ते ऑगस्ट थंडी, त्यामुळे आपण इकडे पावसात भिजत असतो तेव्हा तिकडचा पाहुणा घोंगडी पांघरून जीपमध्ये बसलेला असतो. प्राणी बघायला हाच काळ चांगला. पाऊस नसतो, गवत वाळून खाली बसते, डबकी आटतात आणि जनावरांना नदीवर यावेच लागते.

जीपमध्ये बसण्याचे नियम असतात. उभे राहायचे नाही, हातपाय बाहेर काढायचे नाहीत, ओरडायचे नाही. गंमत अशी की सिंह दहा पावलांवर असतो आणि जीपकडे बघतही नाही. रोज गाडी येते, काही करत नाही, तेव्हा ती आणि तिच्यातली माणसे मिळून त्याच्या लेखी एकच वस्तू. पण एखादा माणूस उभा राहिला की ती आकृती मोडते. मग मात्र सिंहाचे कान टवकारतात.

सिंहाला आपण राजा म्हणतो, पण या राजाची दिनचर्या ऐकली तर हसू येईल. दिवसातले वीसएक तास तो झोपा काढतो. शिकारीचे बरेचसे काम सिंहिणी करतात आणि खायला मात्र आयाळवाला पुढे. (मायबहिणींनो, हे घरी मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नाही.) हत्तींचे उलट. कळपाची पुढारी म्हातारी हत्तीण. दुष्काळात पाणी कुठे सापडेल हे तिच्या आठवणीत असते, बाकीचे तिच्या मागे जातात. हत्तीण बावीस महिने पोटुशी राहते. मोठा हत्ती दिवसाला सुमारे दीडशे किलो पाला, साल, गवत खातो आणि त्यातले निम्मेसुद्धा त्याला पचत नाही. म्हणून त्याच्या लेंड्यांत अख्ख्या बिया निघतात. पाखरे त्या वेचतात, उरलेल्या रुजतात.

तरसाची बदनामी उगीचच झाली आहे. दुसऱ्याचे उष्टे खाणारा म्हणून आपण त्याला हिणवतो, पण तिथले ठिपक्यांचे तरस स्वतः टोळीने शिकार करतात. कित्येकदा सिंहच त्यांची शिकार हिसकावून घेतो. आणि मुलांनो, चित्ता आणि बिबट्या यांत गल्लत करू नका. चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके असतात आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत आसवे ओघळल्यासारखी काळी रेघ असते. बिबट्याच्या अंगावर ठिपक्यांची फुले असतात. २०२२ साली नामिबियातून आणि २०२३ साली दक्षिण आफ्रिकेतून मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात आणले ते चित्ते.

हे सगळे पाहुण्याला दाखवतो कोण? जीपच्या नाकावर, अगदी पुढे, एक छोटी खुर्ची बसवलेली असते. तिच्यावर माग काढणारा बसतो. इंग्रजीत त्याला ट्रॅकर म्हणतात. जीप वेगात असतानाही तो मातीतला ठसा वाचतो. सिंह रात्री गेला की पहाटे? ठशावर दव पडले आहे की ठशाने दव मोडले आहे? ठशावरून किडा चालून गेला आहे काय? मोडलेली काडी ओली आहे की वाळली? माकड कुठल्या दिशेला तोंड करून ओरडते? एवढ्यावरून तो हात वर करतो आणि गाडी झुडपाआड वळते. तिथे खरोखर बिबट्या असतो.

आपल्या आज्या-पणज्यांनाही हे काम ठाऊक होते. चोराचा माग गावच्या शिवेपर्यंत काढून देणे हे गावकीच्या कामांतले एक काम होते. मिळत काय होते, ते वेगळे सांगायला नको. दक्षिण आफ्रिकेतही माग काढणाऱ्याची विद्या फार काळ फुकटातच गेली. साहेबाने सिंह मारला की फोटो साहेबाचा. १९९० च्या दशकात लुई लीबेनबर्ग नावाच्या अभ्यासकाने ही विद्या नीट पारखून प्रमाणपत्र देण्याची पद्धत सुरू केली. परीक्षा रानातच होते. परीक्षक जमिनीवरच्या खुणांभोवती गोल आखतो आणि विचारतो, हा ठसा कोणाचा? पुढचा पाय की मागचा? काय करत होता? कागद-पेन्सिल नाही, इंग्रजी नाही. त्याने हातात मावणाऱ्या संगणकासाठी असा कार्यक्रमही बनवला की त्यात अक्षरांऐवजी चित्रे असतात. शाळेचे तोंड न पाहिलेला माणूस चित्रावर बोट ठेवून नोंद करतो, आणि ती नोंद शास्त्रज्ञ वापरतात. अक्षर येत नाही म्हणजे ज्ञान नाही, असे समजणाऱ्यांनी ही परीक्षा एकदा देऊन बघावी.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. पाफुरीचे हे रान कोणाचे?

इथे मकुलेके नावाचे लोक राहत. भाषा त्सोंगा. नदीत मासे धरावेत, काठच्या गाळात ज्वारी-मका करावा, रानफळे खावीत, वेळप्रसंगी शिकार करावी. त्यांच्याही आधी, सहा-सातशे वर्षांपूर्वी, जवळच्या टेकडीवर थुलामेला नावाचे दगडी तटबंदीचे नगर होते. १९९० च्या दशकात ते उकरले तेव्हा सोन्याचे मणी निघाले, चिनी मातीची खापरे निघाली. म्हणजे इथले लोक समुद्रापलीकडे व्यापार करत होते. 'निर्मनुष्य आदिम अरण्य' हे पर्यटन कंपन्यांच्या पत्रकातले वर्णन किती खोटे आहे, ते यावरून कळते.

क्रुगर उद्यान १९२६ साली झाले. त्याचा दक्षिणेकडचा भाग आधी, १८९८ पासून, शिकारबंदीचे राखीव रान होता. तिथे १९०२ साली स्टीव्हन्सन-हॅमिल्टन नावाचा गोरा अधिकारी आला आणि त्याने वस्त्या उठवल्या. लोकांनी त्याला नाव दिले 'स्कुकुझा'. झाडून साफ करणारा, असा त्याचा अर्थ सांगतात. आज उद्यानाच्या मुख्य छावणीचे नाव हेच आहे. पिढ्यान्पिढ्या फासा लावून ससा-हरीण धरणारा गावकरी एका रात्रीत चोर ठरला. आणि हौसेने शेकडो जनावरे मारणारा गोरा शिकारी पुढे वन्यजीवांचा तारणहार म्हणून पुस्तकांत गेला.

मकुलेकेंवर पाळी आली १९६९ साली. वर्णद्वेषी सरकारला उद्यान लिंपोपोपर्यंत, म्हणजे थेट सरहद्दीपर्यंत वाढवायचे होते. सुमारे ३,००० माणसांना मालमोटारींत भरून साठ-सत्तर किलोमीटर दक्षिणेला न्थलावेनी येथे नेऊन टाकले. निघण्याआधी बंदुकीच्या धाकाने त्यांच्याच हातून त्यांची घरे पेटवायला लावली. नवी जागा कोरडी, नदी नाही. ज्या रानातली फळे खाऊन मोठे झाले, त्या रानात पाऊल टाकले की आता अटक. ताडोबा-मेळघाटातून उठलेल्या गावांची हकीगत ज्यांनी जवळून ऐकली आहे, त्यांना हे सांगायला फार शब्द लागणार नाहीत.

१९९४ साली दक्षिण आफ्रिकेत सर्वांना मताचा हक्क मिळाला आणि त्याच वर्षी हिरावलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा झाला. १९१३ च्या जमीन कायद्यापासून पुढे वंशभेदाच्या कायद्यांनी ज्यांची जमीन गेली, त्यांना दावा करता येऊ लागला. मकुलेकेंनी दावा लावला. १९९८ साली समझोता झाला, जमीन न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले आणि सुमारे २४ हजार हेक्टर जमीन त्यांच्या सामुदायिक संस्थेच्या नावावर झाली.

पण त्यात अट होती. जमीन मालकीची, तरी तिथे घर बांधायचे नाही, नांगर धरायचा नाही, खाण खोदायची नाही. पन्नास वर्षे ती उद्यानाचाच भाग राहील आणि कारभार उद्यानाचे अधिकारी व गावचे प्रतिनिधी मिळून बघतील. ही कसली मालकी, असे तुम्ही विचाराल. तिथल्या काही म्हाताऱ्यांनाही तसेच वाटले असेल, कारण त्यांना बापजाद्यांच्या थडग्यांजवळ राहायला जायचे होते. मकुलेकेंच्या पुढाऱ्यांनी हिशेब वेगळा मांडला. इतक्या वर्षांत न्थलावेनीला शाळा झाल्या, रस्ते झाले, पोरे तिथे वाढली. परत जाऊन नदीकाठी मका पिकवण्यापेक्षा रान राखून त्याचे उत्पन्न घेऊ. माझ्या मते हा हिशेब करायला छाती लागते. जी जमीन रडून मागितली, ती हातात आल्यावर तिच्यावर झोपडी न बांधणे सोपे नाही.

सुरुवातीच्या काही वर्षांत त्यांनी मोजक्या शिकारीचे परवाने विकून पैसा उभा केला. त्यावर बाहेरच्या प्राणिप्रेमींनी बरीच ओरड केली. मग पर्यटन कंपन्यांशी करार झाले आणि शिकार थांबली. जमीन गावाची, छावणी चालवणार कंपनी, उत्पन्नातला हिस्सा गावाला आणि नोकऱ्यांत गावच्या मुलामुलींना आधी जागा. आलेला पैसा शाळेच्या खोल्या, गावात वीज अशा कामांना लागला. ज्यांच्या बापांना रानात शिरले म्हणून पकडत, त्यांची पोरे वाटाड्याची परीक्षा देऊन पाहुण्यांना तेच रान दाखवू लागली. २००७ साली तिथल्या पाणथळींना आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे स्थळ म्हणून रामसर यादीत जागा मिळाली.

सगळे गोड झाले असे मात्र समजू नका. नोकऱ्या थोड्या, मागणारे पुष्कळ. स्वयंपाक, धुणे, तंबू झाडणे ही कामे करणाऱ्या बाया आठवडेच्या आठवडे छावणीत राहतात आणि लेकरे आजीजवळ ठेवतात. महागड्या छावण्यांत एका माणसाचे एका रात्रीचे भाडे तिथल्या किमान वेतनावरच्या कामगाराच्या महिन्याच्या कमाईच्या वर जाते. ते भाडे भरणाऱ्याच्या गादीवरची चादर तोच कामगार बदलतो. त्यात धंदा बेभरवशाचा. जानेवारी २०१३ मध्ये नद्यांना महापूर आला आणि पाफुरीची छावणी वाहून गेली. ती पुन्हा उभी राहीपर्यंत काम गेले ते गेले. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाने सगळ्याच छावण्या बंद पडल्या. हत्तींना काही फरक पडला नाही. घरोघर मात्र पगार थांबला. आणि क्रुगरवर दावा सांगणाऱ्या इतर काही समाजांना जमीन परत मिळालीच नाही, रोख भरपाई देऊन त्यांची वासलात लावण्यात आली.

रान राखणे हे जीव धोक्यात घालायचे काम आहे, हेही सांगितले पाहिजे. गेंड्याचे शिंग म्हणजे आपल्या नखांतले असते तेच द्रव्य, औषध म्हणून शून्य. पण परदेशी बाजारात त्याला सोन्यासारखा भाव, म्हणून बंदुकधारी टोळ्या रानात शिरतात. क्रुगरला लागून असलेल्या टिंबावाटी या खासगी अभयारण्याच्या वनरक्षकांचे प्रमुख अँटन म्झिंबा यांना जुलै २०२२ मध्ये त्यांच्या घरी गोळ्या घालून ठार केले. याच पट्ट्यात २०१३ पासून 'ब्लॅक मांबा' नावाचे एक पथक काम करते. मांबा हा तिकडचा अतिविषारी साप. या पथकात बहुतेक सगळ्या आसपासच्या गावांतल्या तरुण मुली आणि आया आहेत. गणवेश असतो, पायांत बूट असतात, हातात बंदूक मात्र नसते. पहाटे आणि संध्याकाळी कुंपणाच्या कडेने मैलोन्मैल पायी चालायचे, तारेचे फासे शोधून काढायचे, कुंपण कुठे तोडले आहे ते बघायचे आणि संशय आला की वायरलेसवरून सशस्त्र रक्षकांना कळवायचे. आधी गावातली माणसे त्यांना हसली होती. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी पर्यावरणाचा मोठा पुरस्कार या पथकाला दिला. त्या गावच्या शाळांत जाऊन मुलांना रानाबद्दल शिकवतात, हे काम मला बंदुकीपेक्षा मोठे वाटते.

तुमच्यापैकी कोणाचा मुलगा किंवा मुलगी नोकरी-शिक्षणासाठी तिकडे असेल, तर एवढे कळवा की क्रुगर बघायला महागडी छावणीच लागते असे नाही. सरकारी उद्यानाच्या स्वतःच्या छावण्या आहेत. आपली गाडी घेऊन जायचे, झोपडी भाड्याने घ्यायची, चुलीवर आपले आपण रांधायचे. अंधार पडायच्या आत मात्र छावणीत परतलेच पाहिजे, नाहीतर दंड.

यातली एक छावणी फार लहान आहे. नाव बालुले. वर्णद्वेषाच्या काळात बाकीच्या छावण्या गोऱ्यांच्या होत्या आणि काळ्या पाहुण्यांना उतरायला ही जागा नेमून दिली होती. खिडकी नसलेल्या गोल झोपड्या, बाकी सोय काही नाही. आज ती सर्वांना खुली आहे आणि गोरे पाहुणेही हौसेने तिथे उतरतात. झोपड्या अवघ्या सहा. वीज अजून नाही. संध्याकाळी कंदील लावावे लागतात.